राळेतील रंग



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत ऋतूतील व्याख्यानांची प्रथा घातली. तेव्हापासून राजकारण, धर्म, इतिहास, अर्थशास्त्र असे मोठमोठे विषय या नगरीतील श्रोत्यांनी ऐकले आहेत. त्या मांदियाळीत 'राळेतील रंग' हा विषय पाहून कित्येकांच्या कपाळाला आठी पडली असेल. तळहाताएवढ्या साच्यात चिकट द्रव ओतून त्यात रंग सोडायचा, हा फावल्या वेळचा उद्योग. त्यावर तासभर काय बोलणार? आमचे म्हणणे असे, की या लहानशा उद्योगात आज आपल्या शहरातील शेकडो घरांचा पैसा, पुष्कळांचे आरोग्य आणि कित्येकांच्या आठवणी गुंतल्या आहेत. एवढे सारे जिथे गुंतले आहे, तिथे रंग कोणता वापरावा आणि तो कसा पारखावा हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

आज पुण्यात कोणत्याही हस्तकलेच्या प्रदर्शनाला गेलात, तर इपॉक्सी राळेच्या वस्तू मांडलेल्या दिसतात. दारावरच्या नावाच्या पाट्या, समुद्राच्या लाटा दाखवणारी तबके, कानांतली, चाव्यांच्या साखळ्या, घड्याळे, देवघरातल्या फुलांच्या चकत्या. अलीकडे तर लग्नातील वरमाला राळेत बसवून ती भिंतीवर लावण्याची चाल पडली आहे. कोणी बाळाचे जावळ देतो, कोणी आजीच्या बांगडीचा तुकडा देतो. या वस्तू करणाऱ्या बहुतांशी गृहिणी किंवा शिक्षण संपवून बसलेल्या मुली. घरच्या जेवणाच्या टेबलावर त्यांचा कारखाना. गिऱ्हाईक त्यांना एकच विचारते, "हे कायम असेच राहील ना?" आणि त्या म्हणतात, "हो, कायम." हा जो 'कायम' शब्द आहे, त्याची झडती घेणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम राळेविषयी. राळ हा शब्द आपल्याला परका नाही. जुन्या नाटकांत राक्षस रंगभूमीवर आला की मशालीवर राळेची पूड फेकून भडका करीत. ती झाडाची राळ. दुसरी राळ किड्यापासून मिळते, तिला आपण लाख म्हणतो. लाखेत रंग मिसळण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी. लाख ऊन करून मऊ करायची, तीत रंगाची पूड मळायची, तिची कांडी करायची, आणि गरगर फिरणाऱ्या लाकडावर ती कांडी दाबायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंगीत थर लाकडाला धरून बसतो. रंगीबेरंगी लाकडी खेळण्यांसाठी आणि गंजिफांसाठी प्रसिद्ध असलेले आपले गाव म्हणजे सावंतवाडी. तिथे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी मावळत चाललेल्या गंजिफेच्या कलेला राजवाड्यातच आसरा दिला, हे सर्वश्रुत आहे. लाखेच्या कारागिराला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते: प्रत्येक रंग लाखेला मानवत नाही. जो उष्णतेने काळवंडतो तो त्याच्या कामाचा नाही, आणि ज्याचे कण नीट मळले जात नाहीत तो रंगाऐवजी ठिपके देतो. राळ बदलली, तरी हा धडा बदललेला नाही.

इपॉक्सी ही मात्र मनुष्याने घडवलेली राळ. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां हा रसायनज्ञ दातांच्या कवळीसाठी उपयोगी पडेल असा पदार्थ शोधीत होता. त्या खटपटीतून १९३०च्या दशकात ही राळ पुढे आली. साधारण त्याच काळात अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली याने रंगलेपांच्या कामासाठी तिच्यावर काम केले. १९४६ साली ती 'अराल्डाइट' या नावाने चिकटवणी म्हणून बाजारात आली. आपल्या घरी फुटक्या कपाचा कान चिकटवण्यासाठी दोन नळ्यांतला ऐवज काडीने कालवला जातो, तो याच घराण्यातला. एका नळीत राळ, दुसरीत हार्डनर. पुण्याला तर असल्या पदार्थांचे शास्त्र शेजारचे आहे. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे दार १९५० साली उघडले, आणि बहुवारिकांचे, म्हणजे लांबलचक साखळ्यांच्या रेणूंचे संशोधन तिथे पुष्कळ झाले आहे.

येथे एक समजूत दूर केली पाहिजे. ही राळ 'वाळते' असे आपण म्हणतो. रंग वाळतो तेव्हा त्यातले पाणी उडून जाते. राळेतून काहीही उडून जात नाही. राळेचे रेणू आणि हार्डनरचे रेणू एकमेकांचे हात धरतात, त्यांचे जाळे विणले जाते, आणि त्या विणकामात उष्णता बाहेर पडते. म्हणून दोहोंचे प्रमाण अचूक लागते. कोणाचे दोनास एक, कोणाचे तीनास एक, कोणाचे मापाने, कोणाचे वजनाने. बाटलीवर जे लिहिले असेल तेच. हार्डनर जास्त घातल्याने काम लवकर होते असे नव्हे; उरलेला हार्डनर हात धरायला कोणी नाही म्हणून तसाच राहतो आणि वस्तू चिकट होते. आता या विणकामाच्या मध्येच आपण रंग सोडतो. तो तिथे पाहुण्यासारखा स्वस्थ बसेल काय? हाच खरा प्रश्न.

याचे उत्तर हळद देते. आपल्या घरांतील प्रत्येक गृहिणीला हळदीच्या डागाविषयी दोन गोष्टी ठाऊक असतात. पहिली, पातळावर हळद सांडली आणि त्यावर साबण लावला की डाग पिवळ्याचा तांबडा होतो. दुसरी, ते पातळ कडक उन्हात टाकले की डाग हळूहळू उडून जातो. साबण अल्कधर्मी, आणि अल्कधर्मी पदार्थ लागला की हळदीतले रंगद्रव्य आपले रूप बदलते. इपॉक्सीचे बहुतेक हार्डनर 'अमाइन' वर्गातले असतात, तेही अल्कधर्मी. म्हणून चिमूटभर हळद नुसत्या राळेत कालवा, ती पिवळी राहील. तीच हार्डनरमध्ये कालवा, तिच्यावर तांबूस झाक येईल. आणि हळदीचा तो तुकडा खिडकीत उन्हाला ठेवा. पातळावरचा डाग उडाला तसा तोही फिका पडत जाईल. दोन रुपयांच्या हळदीने रंगशास्त्रातील दोन मोठे प्रश्न आपल्यापुढे मांडले: या रंगाला हार्डनर मानवतो काय? आणि या रंगाला प्रकाश मानवतो काय? राळेत कोणताही रंग टाकण्यापूर्वी हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

रंगांच्या दोन जाती आहेत, हेही येथेच सांगून टाकू. एक विरघळणारा रंग. तो साखरेसारखा द्रवात मिसळून दिसेनासा होतो. राळ काचेसारखी आरपार राहते आणि तिला रंगीत छटा येते. दुसरा कणरूप रंग. गेरू पाण्यात कालवला तर तो विरघळत नाही, त्याचे कण तरंगतात, तसा हा. यात राळेची पारदर्शकता जाते आणि भरीव रंग येतो. बाजारात मिळणारी अल्कोहोलची शाई पहिल्या जातीची. ती राळेत सोडली की धुरासारखी मनोहर वलये उमटतात. तथापि विरघळणाऱ्या रंगाचा प्रत्येक रेणू प्रकाशापुढे एकटा उभा असतो, म्हणून तो पुष्कळदा लवकर विटतो. कणातले आतले रेणू बाहेरच्यांच्या आडोशाला असतात. म्हणून कणरूप रंग बहुधा अधिक टिकतो.

टिकाऊपणाचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी तांबडी आणि पिवळी माती वापरली, काजळी वापरली, हिरवी माती वापरली, आणि निळ्यासाठी दूर बदख्शानकडून येणारा लाजवर्दी दगड कुटला. हे सारे खनिज रंग, एक काजळी सोडून. आणि काजळी म्हणजे निव्वळ कोळसा. पंधराशे वर्षांहून अधिक काळ झाला. गिलावा पडला, ओल आली, माणसांनी ओरखडे काढले, परंतु गेरूचा रंग गेरूचाच राहिला. राळेतही गेरू तसाच राहतो. लाजवर्दाचा रंग युरोपात १८२० च्या दशकात कृत्रिम रीतीने करता येऊ लागला. आपल्या घरी पांढऱ्या धोतरांसाठी नीळ म्हणून ज्या निळ्या पुड्या येत, त्या बहुधा याच कृत्रिम रंगाच्या असत. त्याचे वैशिष्ट्य असे, की आम्ल लागले तर तो मरतो, पण अल्कापुढे ठाम उभा राहतो. म्हणून इपॉक्सीत तो बिनधोक. १९३५ साली बाजारात आलेला थॅलोसायनिन निळा हाही तसाच पक्का, आणि इतका जोरदार की टाचणीच्या टोकावर येईल तेवढा पुरे.

आता पांढऱ्या रंगाकडे वळू. कारण सर्वांत जास्त निराशा तिथे होते. कित्येकजणी उत्साहाने दारातली रांगोळी राळेत घालून पाहतात. रांगोळी म्हणजे शिरगोळ्यासारख्या पांढऱ्या दगडाचे पीठ. जमिनीवर ती शुभ्र दिसते. राळेत पडताच तिचा राखेसारखा मळकट, अर्धवट पारदर्शक चिखल होतो. असे का व्हावे? श्रावणात सडा टाकलेल्या ओल्या जमिनीवर रांगोळी काढून पाहिलेल्यांना याचे उत्तर अर्धे ठाऊक आहे. रांगोळी भिजली की तिचा पांढरेपणा जातो. दगडाचे ते कण मुळात बिनरंगी. त्यांच्यामध्ये हवा असते तोवर प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर उड्या मारीत परत फिरतो, आणि त्यालाच आपण पांढरे म्हणतो. हवेच्या जागी राळ शिरली की या उड्या थांबतात. कारण प्रकाशाला वळवण्याची शक्ती गारेच्या दगडात आणि राळेत जवळजवळ सारखी, दोन्हीकडे सुमारे १.५५. प्रकाशाला दगड कुठे संपला आणि राळ कुठे सुरू झाली हे कळतच नाही. ज्या रंगात ही शक्ती फार मोठी, तोच राळेत पांढरा राहील. टायटॅनियम डायऑक्साइडची ती सुमारे २.७ आहे, म्हणून चिमूटभर टायटॅनियम पांढरा जे करतो ते मूठभर रांगोळीने होत नाही.

हे शास्त्र कोरडे वाटेल. पण वरमालेचे दुःख यातूनच समजते. आपल्याकडील लग्नातल्या हारांत निशिगंध, शेवंती, मोगरा अशी पांढरी फुले फार. आमच्या परिचयाच्या एका घरात लग्नाचा असाच हार राळेत बसवून आणला. काही दिवसांत निशिगंधाच्या पाकळ्या काचेसारख्या झाल्या, नंतर त्यांच्यावर तपकिरी डाग आले, गुलाबाचा तांबडा रंग काळपट जांभळा पडला. करणाऱ्या बाई प्रामाणिक होत्या, राळ चांगली होती, प्रमाण बरोबर होते. मग झाले काय? पाकळीचा पांढरेपणा रांगोळीसारखाच आतल्या हवेचा असतो. राळ आत झिरपली आणि पांढरेपणा गेला. गुलाबाचे रंगद्रव्य अल्कात रूप बदलणारे. गोकर्णीच्या निळ्या फुलाचा रस सोड्याच्या पाण्यात हिरवा होतो, त्याच जातीचे. आणि फुलात ओलावा राहिला असेल, तर तो आतच कोंडून पाकळी तपकिरी करतो. झेंडूचे तसे नाही. त्याचे केशरी द्रव्य वेगळ्या जातीचे आणि अल्काला न घाबरणारे. म्हणून हारातला झेंडू बराच काळ झेंडूसारखा दिसतो आणि गुलाब दिसत नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही. फुले सिलिका जेलमध्ये पुरून पुरती कोरडी करावीत. पांढऱ्या पाकळ्यांवर आधी पारदर्शक लेपाचे एकदोन पातळ हात देऊन राळेची वाट अडवावी. मुख्य म्हणजे हारातले एक फूल, ज्याच्यावाचून अडणार नाही असे एक, आधी वेगळे काढून त्याच राळेत बसवावे, आणि पंधरा दिवस पाहावे. हार दुसरा मिळत नाही. परंतु हारातून एक फूल नेहमीच मिळते.

प्रकाशाविषयी आणखी एक गोष्ट राहिली. रंग पक्का असला, तरी खुद्द राळ पक्की नसते. इपॉक्सी राळ सूर्यप्रकाशातल्या अदृश्य जंबुपार किरणांनी हळूहळू पिवळी पडते. राळेत मिसळलेली संरक्षक द्रव्ये हे पिवळेपण लांबणीवर टाकतात, थांबवीत नाहीत. याचा परिणाम प्रत्येक रंगावर निराळा. तांबडा, तपकिरी, काळा यांना पिवळेपण पचते. पांढऱ्याचे जुने हस्तिदंत होते. निळ्यावर पिवळ्याची झाक चढली की त्याचे हिरव्यात रूपांतर होते. म्हणून समुद्राचे तबक गॅलरीत ठेवले तर काही काळाने त्याचे शेवाळलेले तळे झालेले दिसते. दोष निळ्याला देतात, करणी राळेची असते. याकरिता पश्चिमेच्या खिडकीत लागणाऱ्या वस्तूसाठी मातीचे उबदार रंग निवडावेत, आणि निळे-पांढरे आतल्या भिंतीवर ठेवावेत.

आता घरात सहज सापडणाऱ्या रंगांकडे पाहू. शाळेच्या दप्तरातला जलरंग किंवा अॅक्रिलिक रंग यांत पाणी असते. थेंबभर चालून जातो. चमचाभर घातला तर राळ ढगाळ होते, मऊ राहते, बुडबुडे धरते. तैलरंगात जवसाचे तेल असते. ते विणकामात हात धरीत नाही, मध्ये लुडबुड करते. डोळ्यांच्या काजळात तूप किंवा मेण असते, तेव्हा काळ्यासाठी सुकी काजळीच घ्यावी. गुलाल म्हणजे पुष्कळदा पिठाला फासलेला रंग. पीठ राळेत गढूळपणा आणते. कोणत्याही रंगाचे प्रमाण मिश्रणाच्या वजनाच्या शेकडा पाच-सहा भागांपलीकडे नेऊ नये, असे अनेक उत्पादक सांगतात. चांगल्या कणरूप रंगाचा शेकडा एक भागही बहुधा पुरतो.

आणि शेंदूर? शेंदूर परंपरेने शिशाचा असतो. तो देवाच्या मूर्तीवर शोभतो. घरच्या टेबलावर त्याची धूळ उडवणे हे मुलांच्या पोटात शिसे घालणे आहे. सुटी, नावगाव नसलेली भडक पूड कितीही स्वस्त मिळो, ती घेऊ नये. रविवार पेठेच्या बोहरी आळीत हिंडताना भाव करण्यापूर्वी पुडीवर रंगाचे नाव आहे काय, हे पाहण्याची सवय लावावी.

मोत्यासारखी चमक देणाऱ्या पुडीचे आकर्षण सर्वांना असते. तिच्यात अभ्रकाचे अतिपातळ पापुद्रे असतात आणि त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा त्याहूनही पातळ मुलामा. १९६०च्या दशकात ही युक्ती बाजारात रूढ झाली. या पुडीत पुष्कळदा रंग असा नसतोच. साबणाच्या फुग्यावर जसे इंद्रधनुष्य दिसते, तसा मुलाम्याच्या जाडीप्रमाणे निळा, सोनेरी किंवा गुलाबी प्रकाश परत येतो. म्हणून ही चमक प्रकाशात विटत नाही. दोन खोडी मात्र आहेत. पापुद्रे प्रवाहाच्या दिशेने लोळतात, त्यामुळे काडी जशी फिरवली तशा रेघा शेवटी दिसतात. आणि ते राळेपेक्षा जड असल्याने पातळ राळेत तळाशी जातात. राळ मधासारखी दाट होऊ लागली की मग ओतावी, किंवा थरावर थर द्यावे. जाता जाता एवढेही सांगितले पाहिजे, की झारखंडात कोडर्मा-गिरिडीहकडे अभ्रकाचा चुरा वेचण्याच्या कामी लहान मुले लावली जातात, हे वेळोवेळी उघडकीस आले आहे. चमकीची पुडी घेताना माल कुठला, कृत्रिम अभ्रकाचा आहे काय, हे विचारणारे गिऱ्हाईक वाढले, तर दुकानदाराला उत्तर शोधावे लागेल.

प्रयोग करायचा म्हणजे नेमके काय करायचे? आमच्या मते पहिले साधन रंग नव्हे, वही. दुसरे साधन लहान, बिनचूक तराजू. तिसरे, एकाच आकाराचे दहाबारा छोटे साचे. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रंग बदलला तर राळ तीच, प्रमाण तेच, जाडी तीच, दिवस तोच. रंग, राळ आणि ऋतू ही तिन्ही एकदम बदलली, तर तुकडा बिघडला कशाने हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

थोडासा रंग तोलणे अवघड जाते; त्यासाठी लाखेच्या कांडीचीच युक्ती करावी. एक ग्रॅम कोरडा रंग नऊ ग्रॅम नुसत्या राळेत, हार्डनर न घालता, काचेवर पात्याने चांगला घोटावा. गुठळी राहू देऊ नये. ही झाली रंगाची लेपी. झाकणाच्या बाटलीत ती पुष्कळ दिवस राहते. समजा, वजनाने दोनास एक प्रमाणाचे तीस ग्रॅम मिश्रण हवे आणि त्यात शेकडा एक भाग रंग हवा. तर लेपी तीन ग्रॅम घ्यावी. तीत रंग ०.३ ग्रॅम आणि राळ २.७ ग्रॅम. लागणाऱ्या वीस ग्रॅम राळेपैकी २.७ अगोदरच आली, म्हणून ताजी राळ १७.३ ग्रॅम आणि हार्डनर दहा ग्रॅम. लेपीतली राळ हिशेबात धरायला विसरलो, तर प्रमाण चुकते आणि खापर रंगावर फुटते.

तयार झालेल्या प्रत्येक तुकड्याचा निम्मा भाग काळ्या कागदात गुंडाळावा आणि तो गॅलरीच्या उन्हात ठेवावा. महिन्याने, तीन महिन्यांनी, पावसाळ्यानंतर कागद काढून दोन्ही भाग शेजारी पाहावेत. डोळ्याची आठवण लबाड असते. रंग हळूहळू उतरला की तो उतरला हे कळत नाही. झाकलेला निम्मा भाग मात्र साक्षीदारासारखा सत्य सांगतो. कापडाच्या रंगांची प्रकाशातील परीक्षा घेणारे तज्ज्ञही रंगवलेल्या लोकरीच्या आठ पट्ट्या तुलनेला घेऊन हेच करतात. आपल्या गॅलरीत तेच तत्त्व कागदाच्या तुकड्याने साधते.

वहीत हवामानाचा रकाना अवश्य असावा. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिसाच्या आसपास जातो; तेव्हा मिश्रण भरभर तापते, आणि मोठ्या भांड्यात एकदम पुष्कळ कालवले तर धूर येऊन पिवळे पडते. पावसाळ्यात उलट त्रास. दमट हवेतील पाणी आणि कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागावरच्या अमाइनशी संयोग पावून मेणचट पांढुरकी साय धरतात. गडद रंगावर ती बुरशीसारखी दिसते आणि पुष्कळजणी रंगच वाईट म्हणून टाकून देतात. कोमट पाण्याने पुसून पाहावे. गेली तर ती साय होती, रंग निर्दोष.

श्रोतेहो, आता आरोग्याविषयी दोन कडक शब्द. न जमलेली राळ आणि हार्डनर कातडीला वारंवार लागले, तर काहींना अशी अॅलर्जी जडते की ती बहुधा आयुष्यभर पिच्छा सोडत नाही. पुढे नुसत्या वासानेही अंगावर चट्टे उठतात. म्हणून नायट्रिलचे हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. कोरडी पूड तोलताना आणि जमलेली वस्तू घासताना धूळ नाकात जाऊ नये म्हणून योग्य मुखपट्टी लावावी. काम स्वयंपाकघरात करू नये, आणि राळेची भांडी पुन्हा जेवणाला घेऊ नयेत. बाळ रांगत असलेल्या खोलीत तर मुळीच नाही. चार पैसे मिळवण्यासाठी ज्या हातांनी काम करायचे, तेच हात गमावणे हा कसला व्यापार?

शेवटी त्या 'कायम' शब्दाकडे येतो. आजवर जे सांगितले त्याचे तात्पर्य इतकेच, की राळ ही काळाला थांबवणारी पेटी नव्हे. तिच्यात गेलेली हळद, फूल, शाई, रांगोळी आपापल्या स्वभावाप्रमाणे वागतच राहतात. जो कारागीर हा स्वभाव जाणतो, तो 'कायम' असे म्हणत नाही. तो म्हणतो, "हा झेंडू टिकेल, हा गुलाब काळवंडेल, निशिगंध काचेसारखा होईल, हा माझ्या वहीतला तुकडा पाहा, सहा महिन्यांनी असा दिसला. हे चालत असेल तर करू. भिंतीवर ऊन येत नाही अशा जागी लावा." असे बोलल्याने एखादे गिऱ्हाईक जाईल, परंतु जे राहील ते फसवणुकीची भावना घेऊन परत येणार नाही. आणि आईच्या लग्नातल्या हाराचे काय होईल हे आधी कळलेले असणे, हा त्या घराचा हक्कच आहे.

पुण्याला चिकित्सेची खोड आहे असे लोक हसून म्हणतात. ती खोड आपण व्याख्यात्यांवर पुष्कळ चालवली. आता थोडी रंगाच्या पुडीवर चालवू. ज्या घरात ही कला चालते तिथे उद्यापासून एक वही उघडावी, पहिल्या पानावर तारीख, राळ, प्रमाण, रंग आणि हवामान असे पाच रकाने आखावेत, आणि पहिला तुकडा हळदीचा ओतावा. त्या एका तुकड्यातून जे शिकायला मिळेल, ते आमच्या तासभराच्या बोलण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल, याविषयी आम्हांस शंका नाही.